उघड्या टपाच्या छोट्या गाडीत सबवूफर: मियाटावरून सांगते

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, कशासाठी हवाय, हे आधी ठरवा. सिग्नलला शेजारच्या गाडीच्या काचा थरथरवायच्या असतील तर दोन सीटची उघडी गाडी हे त्याचं साधनच नव्हे, मोठी सेडान बघा. पण टप खाली करून ताशी साठ मैलांनी जाताना गाण्याचा खालचा अर्धा भाग वाऱ्यात वाहून जातो आणि तो परत हवाय, असं असेल तर पुढे वाचा.

माझी गाडी माझदा मियाटा, २००१ सालची. मियाटावाले हिला एनबी म्हणतात, म्हणजे दुसरी पिढी. पहिली एनए, मग एनबी, २००६ पासून एनसी आणि २०१६ पासून एनडी. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. रविवारी सकाळी ८४ नंबरच्या रस्त्याने वुडसाइड, ला होंडा करत सान ग्रेगोरिओच्या किनाऱ्यावर जायचं, हा या गाडीचा मुख्य उपयोग. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेय, त्यामुळे गोंगाटाचं मला वावडं नाही. पण त्या रस्त्यावर तबला लावला की ‘धा’मधला ‘घे’ गळून पडायचा आणि नुसता ‘ना’ उरायचा. चाट ऐकू यायची, डग्ग्याचा घुमारा नाही. आवाज वाढवला की दारातले साडेसहा इंची स्पीकर फरफरायला लागायचे, घुमारा तरीही नाहीच.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. बंद गाडीत खालच्या सुरांना फुकटात मदत मिळते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे ८५ हर्ट्झची लहर साधारण चार मीटर लांब. बंद केबिनची लांबी दोन मीटर धरली तर त्याखालच्या सुरांची अर्धी लहरसुद्धा आत मावत नाही. तेव्हा स्पीकरचा पडदा लहरी सोडायच्या ऐवजी आतली सगळी हवाच दाबतो-सोडतो, आणि जितकं खाली जावं तितकी ही मदत वाढते. इंग्रजी लेखांत आणि बॉक्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कारचा बास तीस हर्ट्झपर्यंत सपाट दिसतो तो या मदतीच्या जोरावर. टप उघडला की दाबायला बंद हवाच राहत नाही आणि ती मदत गेली. वर वाऱ्याचा आवाज. तोही खालच्याच पट्टीतला, म्हणजे नेमका त्याच जागेवर बसणारा.

म्हणून तीस हर्ट्झचा नाद सोडायचा. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, डग्गा त्याच्या बराच वर. पंचेचाळीस ते शंभर हर्ट्झ हा पट्टा घट्ट आणि स्वच्छ मिळाला तर उघड्या गाडीत काही कमी आहे असं वाटत नाही. त्यासाठी बारा इंची सब नको की आवाजाला ताकद देणारा हजार वॅटचा अ‍ॅम्प नको. आठ इंची सब, बंद बॉक्स, दीडशे-दोनशे वॅट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘मॅक्स’ म्हणून जो आकडा लिहिलेला असतो तो सोडून द्या, आरएमएसचाच बघा.

डिकीत नको

सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ती डिकी, आणि मियाटात तीच सगळ्यात वाईट जागा. हॅचबॅकची डिकी केबिनला उघडी असते. मियाटात डिकी आणि केबिनच्या मध्ये पोलादी पत्रा आहे आणि त्यापुढे, सीटच्या पाठीमागच्या फळीखाली, पेट्रोलची टाकी. डिकीत सब ठेवला की बास डिकीतच कोंडतो. डिकीचं झाकण नि नंबरप्लेट नाचते, मागच्या गाडीतल्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतं. शिवाय कॅलिफोर्नियात पन्नास फुटांपलीकडे ऐकू जाईल असा गाडीतला आवाज रस्त्यावर कायद्याने चालत नाही. डिकी आहेही केवढी? एनबीची जेमतेम १४४ लिटर. त्यात डबा ठेवलात तर भाजीच्या पिशव्या मांडीवर.

त्या टाकीवरून एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण ही जिवावर बेतणारी आहे. सीटच्या मागच्या सपाट फळीवर काही बसवायचं म्हणून एनए किंवा एनबीमध्ये ड्रिल चालवू नका. गालिच्याखाली पत्रा आणि पत्र्याखाली पेट्रोल. तिथे जे बसवायचं ते आधीपासून असलेल्या बोल्टवर, नाहीतर नाहीच.

सीटखाली बसणारे चपटे पॉवर्ड सब मिळतात, पायोनियर, केनवूड, किकर सगळ्यांचे आहेत. मियाटाची सीट इतकी जमिनीलगत आहे की तिथे ते शिरतच नाहीत. मात्र ज्यांना सुतारकाम करायचंच नाही त्यांच्यासाठी हाच चपटा सब पॅसेंजर सीटच्या पाठीमागे उभा बसवणं हा चांगला मार्ग आहे. अ‍ॅम्प त्यातच असतो, एका दुपारचं काम. सीट मागे सरकायची थोडी कमी होते, तेव्हा शेजारी कायम बसणारा माणूस किती उंच आहे त्यावर ठरवा. आवाज? काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा. पण पडदा लहान असल्यामुळे साठ हर्ट्झच्या खाली तो दमतो.

मी निवडली ती जागा म्हणजे पॅसेंजरच्या पायापुढचा उतार. सब केबिनच्या आतच राहतो, टप उघडा असला तरी डॅशच्या खालचा तो खोल कोपरा बासला धरून ठेवतो, आणि ऐकणाऱ्यापासून अंतर हातभर. उघड्या गाडीत हे अंतर फार मोलाचं. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले, आणि सहा डेसिबल अ‍ॅम्पमधून परत मिळवायचे तर चौपट वॅट लागतात.

बॉक्स

फूटपट्टीने मापं घेत बसू नका, पुठ्ठा घ्या. टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून, चिकटवून डॅशखाली बसेल असा खोटा बॉक्स करा आणि तो काही दिवस तसाच तिथे ठेवून गाडी वापरा. ग्लव्ह बॉक्स उघडतोय का, ब्लोअरला हवा ओढायला जागा राहतेय का (ब्लोअरची मोटर त्याच बाजूला आहे), पाय कुठे येतात, हे सगळं पुठ्ठा सांगतो. एनए असेल आणि डावीकडे स्टिअरिंग असेल तर पॅसेंजरच्या गालिच्याखाली पत्र्याच्या झाकणाआड गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, असतो. तिथे स्क्रू मारायचा नाही, वजनही टेकवायचं नाही. एनबीत तो पेडलच्या वर गेला, तेवढी आपली सोय.

आकार पाचरीसारखा येतो, खाली अरुंद आणि वर जाड. टाच खाली टेकते म्हणून तिथली जागा मोलाची, वर डॅशखाली ती कुणाच्याच कामाची नसते. माझ्या बॉक्सची आतली मापं: रुंदी बारा इंच, उंची अकरा, खोली खाली तीन आणि वर सहा. सरासरी खोली साडेचार. १२ गुणिले ११ गुणिले ४.५ म्हणजे ५९४ घन इंच. १७२८ ने भागलं की ०.३४ घनफूट, पावणेदहा लिटरच्या आसपास. त्यातली थोडी जागा सबचं चुंबक खातं. आठ इंची बहुतेक सबना बंद बॉक्समध्ये ०.३ ते ०.३५ घनफूट पुरतं, तरी तुमच्या सबच्या कागदावर कंपनीने दिलेला आकडा बघूनच पुठ्ठा कापा. सबचं भोक वरच्या जाड भागात येऊ द्या. तिथे खोली पुरते आणि बूटही कमी लागतात.

पोर्ट, म्हणजे हवा बाहेर जायचं भोक, असलेला बॉक्स करू नका. मोजक्या जागेत पोर्ट बसत नाही, आणि उघड्या गाडीत त्याचा फायदा ज्या खालच्या सुरांत असतो ते सूर वाऱ्यातच जाणार असतात.

लाकूड कोणतं? सगळे पाऊण इंची एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, सांगतात. जड असतं, कापायला सोपं, स्वतः घुमत नाही. पण मियाटाच्या जमिनीवर एमडीएफ ठेवणं मला पटत नाही, आणि कारण पाणी. या गाडीच्या टपावरचं पाणी कडेच्या पन्हळीतून सीटबेल्टच्या खांबांमागे असलेल्या दोन भोकांत जातं आणि नळीतून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतं. भोकात पानं, माती, टपाचे धागे साचले की नळी तुंबते आणि पाणी आत उतरतं. सीटमागून सरकत सरकत ते पायाजवळच्या गालिच्यात येऊन मुरतं. वरून कोरडा दिसणारा गालिचा खालच्या फोमात ओला असतो. एमडीएफला अशा जागी एक पावसाळा पुरतो, कडा फुगून सांधे सुटतात. मी बर्च प्लाय वापरला, बाहेरून इपॉक्सीचे दोन हात दिले, खाली रबराची बुटकी पावलं लावून बॉक्स जमिनीपासून बोटभर उचलला. काम सुरू करण्याआधी त्या नळ्या साफ करा. लांब दांड्याच्या मऊ ब्रशने किंवा गवत कापायच्या यंत्राच्या नायलॉन दोरीने. कडक तार खुपसू नका, हवेचा प्रेशरही नको, आतली नळी निसटते. मग प्रत्येक भोकात पेलाभर पाणी ओता आणि वाकून बघा, चाकापुढे धार पडली की झालं.

सांध्यांना भरपूर गोंद, सहा-सहा इंचांवर स्क्रू, आणि आतून सगळ्या कडांना सिलिकॉन. सिलिकॉन पूर्ण सुकल्यावरच सब बसवा, त्याच्या वाफा सबच्या कडेच्या गोंदाला आणि रबराला बऱ्या नसतात. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरा. बॉक्स हवाबंद झालाय का ते असं बघा: सबचा पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून सोडा. सावकाश, जड होऊन परत आला तर ठीक. पटकन आला तर कुठेतरी फट आहे. ती बहुतेक वायर बाहेर काढलेल्या भोकापाशीच सापडते.

बॉक्स मोकळा ठेवायचा नाही. टक्कर झाली तर दहा-बारा किलोचा ठोकळा कुणाच्या तरी नडगीवर येणार. जमिनीत भोक पाडण्यापेक्षा सीटच्या पुढच्या दोन बोल्टांना लोखंडी पट्ट्या धरून त्या बॉक्सपर्यंत आणणं बरं. भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली शिरून वर काय काय जातंय ते बघा, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या खालूनच जातात.

आता पायांचं. आई त्या वेळी इचलकरंजीहून आलेली होती. सीटवर बसली आणि म्हणाली, “अगं, पाय कुठं ठेवू मी? हे खोकं काढ की जरा.”

“खोकं नाही आई ते, स्पीकर आहे. जाळी बसवलीय, ठेव त्याच्यावर पाय.”

“वाद्यावर पाय ठेवू होय गं?” असं म्हणून ती सगळा रस्ताभर पाय आखडून बसली.

त्यावर जे केलं ते तांत्रिकदृष्ट्याही जाळीपेक्षा चांगलं निघालं. बॉक्सच्या तोंडापुढे दोन इंच अंतर सोडून अर्ध्या इंची प्लायची वेगळी फळी, चार लाकडी खुंट्यांवर, वरून गाडीच्याच रंगाचा काळा गालिचा. पाय फळीवर, सब मागे सुरक्षित, आणि आवाज फळीच्या चारी बाजूंनी बाहेर पडतो. खालच्या सुरांना दिशेचं काही नसतं, दोन इंचांची फट पुरते. पडदा जोरात हलतो तेव्हा पुढे किती येतो ते पाहून मगच फट ठरवा. वाकून पाहिल्याशिवाय गाडीत सब आहे हे कळतही नाही, आणि कापडी टपाच्या गाडीत ही मोठीच गोष्ट. चोराला कुलूप फोडावं लागत नाही, चाकूने टप कापला की झालं. म्हणून तर इथले कितीतरी मियाटावाले गाडीच्या दाराला मुद्दाम कुलूप घालत नाहीत. टप नवा घालण्यापेक्षा रेडिओ गेलेला परवडतो.

वायरिंग

बहुतेक गाड्यांत सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे इंजिनाजवळच्या बॅटरीपासून केबिनमध्ये जाड वायर आणणं. एनए आणि एनबीत बॅटरी डिकीतच उजव्या बाजूला आहे, त्यामुळे ते काम उरतच नाही. अ‍ॅम्प डिकीत ठेवा, लाल वायर हातभर लांबीची. एनसी आणि एनडीत बॅटरी बॉनेटखाली गेली, तिथे वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, आणावी लागते, तयारी त्या हिशेबाने ठेवा.

बॅटरीबद्दल एक सूचना. डिकी बंद जागा, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. म्हणून या गाडीला एजीएम जातीची (आतलं आम्ल सांडत नाही अशी), वायू बाहेर नेणारी नळी जोडायची सोय असलेली बॅटरी मुळात दिलेली होती. आधीच्या मालकाने स्वस्तातली साधी बॅटरी टाकलेली असेल तर सब बाजूला ठेवा, पहिल्यांदा ती बदला.

दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा, मगच पुढचं. डॅशखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील ते एअरबॅगचे, त्यांना मीटरची टोकंही लावायची नाहीत. बॅटरी सोडल्यावर रेडिओ आणि घड्याळ विसरणार, इंजिनही पहिल्यांदा थोडं वरखाली चालेल, घाबरू नका.

वायरची जाडी अशी काढा. दोनशे वॅटचा क्लास-डी अ‍ॅम्प, कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली तर ओढणार अडीचशे वॅट, त्याला साडेतेरा व्होल्टने भागलं की साडेअठरा अँपिअर. आठ गेजची वायर आणि तीस अँपिअरचा फ्यूज, एवढं पुष्कळ. वायर अस्सल तांब्याची घ्या. ऑनलाइन स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, ते जास्त तापतं आणि दमट जागी लवकर खराब होतं. फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ तितका चांगला, दीड फुटाच्या पलीकडे तर नाहीच. फ्यूज अ‍ॅम्पला वाचवण्यासाठी नसतो, वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो, आणि ते काम तो बॅटरीजवळ असला तरच करतो.

अर्थिंगला तर सगळेच हयगय करतात. डिकीतला जवळचा एखादा बोल्ट निवडा, त्याखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, रिंग टर्मिनल नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर, घट्ट आवळा आणि वरून गंज लागू नये म्हणून थोडं ग्रीस फासा. इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून आली तर दहापैकी नऊ वेळा कारण इथेच असतं.

डिकीतून केबिनमध्ये जायला नवं भोक पाडायचं नाही, ती टाकी आठवा. मूळ वायरिंगचा जुडगा पत्र्यातल्या भोकाच्या ज्या रबरी कड्यातून (ग्रोमेट) जातो तो शोधा, त्याच वाटेने. सबची वायर (चौदा गेज पुरे) उजव्या दाराच्या उंबऱ्याखालून पुढे न्या. उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काही स्क्रू काढले की सुटते. रेडिओकडून सिग्नल आणणारी आरसीए वायर आणि अ‍ॅम्प चालू-बंद करणारी रिमोटची निळी-पांढरी वायर डाव्या बाजूने मागे न्या, म्हणजे जोराचा प्रवाह एका अंगाला आणि नाजूक सिग्नल दुसऱ्या अंगाला.

रेडिओ कंपनीचाच असेल तर त्याला आरसीए नसणार. हाय-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प घ्या आणि रेडिओच्या मागून निघणाऱ्या स्पीकर वायरींतून सिग्नल उचला. चालतं. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा रेडिओ बदलून सब-आउट (सबसाठी वेगळी जोडणी) आणि हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) असलेला नवा बसवणं मी सुचवेन. याचं कारण सबपेक्षा दारातल्या स्पीकरमध्ये आहे. त्यांना ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खालचं ओझं द्यायचंच बंद केलं की तेच स्पीकर, तेवढ्याच आवाजात, एकदम मोकळे वाजायला लागतात.

जुळवणी

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. अ‍ॅम्पला किती सिग्नल आला की पूर्ण ताकद द्यायची, एवढंच तो ठरवतो. साधा मल्टिमीटर पुरतो. सबची वायर अ‍ॅम्पमधून काढा, बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, लो-पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) सध्या पूर्ण वर. फोनवरून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. पन्नासच का? तर स्वस्त मीटर घरच्या विजेच्या पन्नास-साठ हर्ट्झलाच खरं बोलतात. रेडिओचा आवाज तीन चतुर्थांश ठेवा, मीटर एसी व्होल्टवर अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा, आणि गेन सावकाश वाढवा. किती व्होल्टपर्यंत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. दीडशे वॅट, चार ओहम: ६०० चं वर्गमूळ साडेचोवीस. तिथे थांबा आणि त्या बटणाला परत हात लावू नका.

मग लो-पास ऐंशीच्या आसपास, दारांचा हाय-पासही तिथेच. फेजचं बटण (सब आणि दारातले स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे हलतात का ते ठरवणारं) शून्य आणि १८० दोन्हीवर ठेवून ड्रायव्हरच्या सीटवरून ऐका, ज्यावर बास भरीव वाटेल ते खरं. हे टप उघडून करा. टप बंद असताना लावलेला फेज उघडल्यावर चुकतो असं नाही, पण तुम्ही गाडी उघडी चालवणार ना, मग तशीच लावा.

शेवटची जुळवणी कानाने, आणि त्यासाठी माझ्या मते तबल्याच्या एकल वादनासारखं दुसरं साधन नाही. इंग्रजी लेखांत सांगतात त्या इलेक्ट्रॉनिक बासमध्ये चूक लपते, डग्ग्यात लपत नाही. विलंबित लयीतलं वादन लावा आणि डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐका. सूर खालून वर चढताना मध्येच एका जागी फुगत असेल, तर तिथे बॉक्स किंवा तो कोपरा घुमतोय. बॉक्समध्ये कापूस वाढवा किंवा लो-पास दहा हर्ट्झने खाली आणा. मध्ये एका जागी सूर खचत असेल, तर सब आणि दारांच्या सांध्यात भोक आहे, दारांचा हाय-पास थोडा खाली घ्या. मींड एकसारखी चढली, आणि थाप समोरून आल्यासारखी वाटली, पायातून नाही, की सब बरोबर लागला. सब वेगळा ऐकू येत असेल तर तो जास्त झालाय.

या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे अ‍ॅम्पबरोबर मिळणारं बासचं वायरवालं बटण. ते हाताशी येईल असं बसवाच. टप उघडा, हायवे: पूर्ण वर. गल्लीत: निम्मं. टप लावला: निम्म्याहून खाली, कारण ती फुकटची मदत परत आली. एकाच जागी ठेवलं तर कधी पोकळ, कधी डोकेदुखी.

खडखड होणारच. पहिला संशय नंबरप्लेटवर, मग टपाच्या कुलपांवर, सनवायझरवर, दारातल्या काचेवर. ४० ते १०० हर्ट्झ असा हळूहळू चढणारा टोन लावून एकाला हाताने एकेक वस्तू दाबत बसायला सांगा. दाराच्या आतल्या पत्र्यावर ब्युटाइलची (थरथर शोषणारी रबरी) चादर चिकटवाच, पण खालची पाणी जायची भोकं बुजवू नका.

पुण्याहून भाचा सारखा थारबद्दल विचारतो, म्हणून तेही. २०२० च्या नव्या थारचा कापडी टपवाला प्रकार असेल तर मागचा भाग केबिनला उघडाच आहे, तेव्हा मागे ठेवलेला सबही चालतो. डिकीची अडचण मियाटाची, तुमची नाही. मिनी किंवा फियाट ५००सी असेल आणि मागच्या सीट पडत असतील तर तिथेही तेच. पाणी मात्र सगळीकडे सारखं, आणि कोकणातला पाऊस कॅलिफोर्नियासारखा नोव्हेंबर ते मार्चचा पाहुणा नाही. एमडीएफ नकोच. बॉक्स उचलून ठेवा, अ‍ॅम्प सीटच्या पाठीला उभा लावा, आणि मागच्या काचा उघड्या टाकून गाडी धुवायला देऊ नका.

खर्च म्हणाल तर सब, अ‍ॅम्प, वायर आणि लाकूड मिळून चारशे डॉलरच्या आत बसवता येतं, रेडिओ वेगळा. जुना गालिचा कापू नका, घडी करून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाइकाला जशी होती तशीच हवी असते. महिन्याभराने अर्थिंगचा बोल्ट आणि सीटच्या पट्ट्या परत आवळा. आणि जोराने तासभर वाजवल्यावर फ्यूजच्या डबीला हात लावून बघा. कोमट चालेल, गरम लागली तर टर्मिनल नीट दाबलेलं नाही, ते काढून नव्याने करा.